पॅनवरचा मॅग्मा आणि पृथ्वीच्या पोटातला

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ज्वालामुखीवर आलेला लेख वाचला. भाषा सोपी आहे, लेखकाची मेहनत दिसते. तक्रार आहे ती एका वाक्याबद्दल आणि एका चित्राबद्दल. वाक्याचा मथितार्थ असा की आपल्या पायाखाली काही किलोमीटरवर लाव्हाचा समुद्र उकळतो आहे आणि जिथे कवच फाटतं तिथे तो वर येतो. चित्रात पृथ्वी कलिंगडासारखी कापून दाखवली आहे. वर पातळ साल, आत सगळा लाल रस. माझ्या नातवानं ते चित्र कापून वहीत चिकटवलं, म्हणून हे पत्र. पत्र लांबणार आहे, हे आधीच सांगतो. कात्री आपल्या हातात आहे.

मी शास्त्रज्ञ नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात चौतीस गळीत हंगाम काढले. हेल्पर म्हणून लागलो आणि पॅनमन, म्हणजे साखर शिजवायच्या बंद कढईवरचा माणूस, म्हणून निवृत्त झालो. साखरवाल्यानं ज्वालामुखीत का नाक खुपसावं, असं आपल्याला वाटेल. पण 'मॅग्मा' हा शब्द मी शाळेत नाही, कारखान्यात शिकलो. सगळ्यात शेवटच्या उकळीची बारीक, पिवळट साखर मशीनमधून निघते, ती कुणी पोत्यात भरत नाही. तिच्यात थोडं पाणी नाहीतर रस घालून मिंगलरमध्ये घोळवतात. भिजवलेल्या रव्यासारखा लगदा होतो. तो पंपानं वर चढवून पॅनला बी म्हणून देतात. त्या लगद्याला कारखान्यात मॅग्मा म्हणतात. 'मॅग्मा पंप जाम झाला' ही आरोळी मी किती रात्रपाळ्यांत ऐकली असेल त्याची मोजदाद नाही.

त्या वेळी आमच्या गल्लीत, समोरच्या घराच्या माडीवर, भूगर्भशास्त्राचे एक प्राध्यापक भाड्यानं राहायचे. मी त्यांना सर म्हणायचो. कारखान्यातला मॅग्मा काय असतो ते मी सांगितलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, "मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच मळलेला लगदा असा आहे. तुमचा मॅग्मा आमच्या मॅग्म्याचा, जमिनीखाली वितळलेल्या खडकाचा, सख्खा भाऊ." पुढची पंधरा वर्षं आमचा हाच उद्योग. ते दगड सांगायचे, मी साखर सांगायचो.

हे सगळं सुरू झालं किल्लारीच्या भूकंपानंतर. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. माणसं मिरवणुकीनं दमून नुकती कुठे पाठ टेकत होती, तेवढ्यात पहाटे चारच्या सुमाराला फळीवरची भांडी खाली आली. सगळी गल्ली रस्त्यावर. शेजारच्या लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत काय झालं ते दिवस उजाडल्यावर कळत गेलं. त्यानंतर कित्येक रात्री आम्ही अंगणात चटया टाकून झोपलो. आणि अशा वेळी जे होतं ते झालं, अफवा सुटल्या. खाली लाव्हा खवळलाय, आता ज्वालामुखी फुटणार. आमच्या शेजारच्या मावशी पहाटे पहाटे दारात उभ्या. "आवं, हिरीचं पानी कोमट झालंय म्हणं की!" सर तसेच उठून विहिरीवर गेले, बादली ओढली, हात बुडवला, चूळ भरली. पाणी रोजच्याइतकंच गार. मावशींना तेवढं पुरलं. मला पुरलं नाही. खाली लाव्हा नाही तर मग आहे काय, हे मी सरांना विचारलं आणि अडकलो तो अडकलोच.

पुढे किल्लारीला शास्त्रज्ञांनी खोल बोअर घेतलं, 617 मीटरचं. वरचे 338 मीटर आपला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट. त्याखाली आठेक मीटर जुना गाळ. त्याच्याखाली बेसॉल्टच्याही कितीतरी आधीचा खडक, थेट तळापर्यंत. म्हणजे आपल्याकडचा लाव्हा वर आहे आणि तो कधीच थिजला आहे. भूकंप झाला तो खालच्या घट्ट खडकात ताण साठून तो सरकला म्हणून. रस खवळायला तिथे रस नव्हताच.

आता कुणी म्हणेल, 617 मीटर म्हणजे काय, साल खरवडली नुसती. बरोबर. त्याच्या कितीतरी खालचं कळतं ते भूकंपांमुळेच. भूकंपाच्या लाटा दोन जातींच्या. एक रेल्वेच्या डब्यांना इंजिनाचा धक्का बसावा तशी पुढे-मागे ढकलत जाणारी, दुसरी दोरी झटकल्यावर जाते तशी आडवी हलत जाणारी. ही आडवी लाट द्रवातून जाऊ शकत नाही, कारण द्रव बाजूला सरकतो, ओढून धरत नाही. रिचर्ड ओल्डहॅम नावाचा गृहस्थ आपल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला होता. 1897 च्या आसामच्या मोठ्या भूकंपाच्या नोंदींवरून त्यानं या लाटा वेगवेगळ्या ओळखल्या आणि 1906 साली पृथ्वीला वेगळा गाभा आहे हे दाखवून दिलं. पुढे हिशेब पक्का झाला. आडवी लाट साधारण 2900 किलोमीटर खोलीपर्यंत व्यवस्थित जाते, तिथे अडते. अडते तो वितळलेल्या लोखंडाचा बाहेरचा गाभा. म्हणजे सोलापूर-मुंबई अंतराच्या सातपट खोल जाईपर्यंत खाली खडकच आहे, घन खडक. आणि ज्वालामुखीतून जे येतं ते त्या गाभ्यातलं नव्हेच. ते या घन खडकाच्या वरच्या भागात तयार होतं, बहुतेक वेळा पहिल्या शे-दीडशे किलोमीटरच्या आत.

मग घन खडकाचा रस होतो कसा? आपल्या लेखात 'प्रचंड उष्णतेमुळे' एवढंच लिहून विषय उरकला आहे. इथेच मला पॅन आठवला.

ऊसाचा रस उघड्या कढईत आटवायचा तर शंभराच्या वर अंश लागतात, आणि घट्ट होईल तसे आणखी वाढतात. गुऱ्हाळात ते चालतं, गुळाला रंग हवाच असतो. कारखान्यात चालत नाही, साखर करपते. म्हणून पॅन बंद असतो आणि आतला दाब काढून घेतात. व्हॅक्यूम 25 इंचांच्या आसपास गेला की तोच घट्ट सिरप 65 अंशांच्या जवळपास खदखदायला लागतो. नवा हेल्पर काचेतून ती उकळी बघतो आणि धावत सांगायला येतो की वाफ जास्त झाली. वाफ तेवढीच असते. दाब कमी झालेला असतो.

खडकाचं असंच आहे, फक्त उकळण्याच्या जागी वितळणं धरा. खाली जावं तसा खडक तापत जातो. वरच्या थरात दर किलोमीटरला सर्वसाधारणपणे 25 ते 30 अंश, पुढे वाढ मंदावते. पण वरचं ओझंही वाढतं. 33 किलोमीटरवर दाब आपल्या हवेच्या जवळजवळ दहा हजारपट. इतक्या दाबाखाली खडकाचे कण एकमेकांना सोडत नाहीत. जमिनीवर जो खडक 1100 अंशांच्या थोडं पुढे वितळू लागला असता तो तिथे तेवढ्याच तापमानाला घट्ट बसलेला असतो.

घट्ट असला तरी तो सरकतो, वर्षाला काही सेंटिमीटर. घन वस्तू वाहते कशी, हा माझा सरांशी पहिला वाद. त्यांनी मला रस्त्याच्या कामावर पडलेलं डांबराचं पिंप दाखवलं. थंडीत त्या डांबरावर हातोडा मारला तर टवका उडतो, आणि उन्हाळाभर आडवं पडलेल्या पिंपातून तेच डांबर जीभ काढल्यासारखं बाहेर आलेलं असतं. मी गप्प बसलो.

तर असा गरम खडक खालून हळूहळू वर येऊ लागला की एक गंमत होते. वाटेत तो फारसा निवत नाही, किलोमीटरमागे अर्धा अंशही नाही. पण त्याचा वितळण्याचा अंश किलोमीटरमागे तीन-चारनं खाली येत जातो. पन्नास किलोमीटर वर आला तर खडक निवला वीस-पंचवीस अंश, आणि वितळण्याचा अंश उतरला दीडशे-दोनशे. कुठेतरी दोन्ही आकडे एकमेकांना गाठतात आणि तिथे खडकाला पाझर फुटतो. बाहेरून कुणीही आच वाढवलेली नसते. समुद्राच्या तळाशी जिथे जमिनीच्या पाट्या, म्हणजे कवचाचे प्रचंड तुकडे, एकमेकींपासून दूर सरकतात तिथे हेच चालू असतं, आणि जगातला बहुतेक मॅग्मा तिथेच, पाण्याखाली, कुणी बघत नसताना तयार होतो. आपलं दख्खनचं पठारही दाब सुटण्यातूनच झालेलं. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भारत आजच्या रियुनियन बेटाखालच्या तप्त जागेवरून उत्तरेकडे सरकत होता, आणि तिथे खालून नेहमीपेक्षा गरम खडक वर येत होता.

दुसरी तऱ्हा पाण्याची. ही सांगताना सर मला घेऊन आमच्याच माळ्यावर चढले होते, कारण तिथे गुळाची ढेप होती. पावसाळ्यात ढेपेला पाणी सुटतं हे घरातल्या कुठल्याही बाईला विचारा. कुणी तापवलेली नसते, जागा थंडच असते. हवेतला ओलावा ढेपेत शिरतो आणि ती पाझरायला लागते. खडकात पाणी शिरलं की त्याचाही वितळण्याचा अंश शेकड्यानं खाली येतो. समुद्राचा तळ जिथे दुसऱ्या पाटीखाली खचत जातो तिथे हे होतं. हा खचणारा तळ थंड असतो, आणि मला सगळ्यात नवल याचंच वाटतं. थंडगार पाटी खाली जाते, तिच्या खनिजांत मुरलेलं पाणी साधारण शंभर किलोमीटर खोलीवर पिळून निघतं, वरच्या गरम खडकात शिरतं, आणि त्या थंड पाटीमुळे वर आगीचे डोंगर उभे राहतात. जपान, इंडोनेशिया, दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा. आपल्या देशात अंदमानातलं बॅरन बेट. दीडशेहून अधिक वर्षं गप्प होतं, 1991 साली जागं झालं आणि त्यानंतर अधूनमधून धुमसतंच आहे. भारतातला तेवढा एकच जागता ज्वालामुखी.

तिसरी तऱ्हा म्हणजे खालून आलेला तापलेला रस वरच्या कवचाखाली साचून त्यालाच वितळवतो. लेखातली 'प्रचंड उष्णता' खरी ठरते ती इथे.

ढेपेवरून आणखी एक गोष्ट. पाझरून परातीत साचलेली काकवी आणि वर उरलेली ढेप यांची चव एक नसते. जे आधी सुटतं ते आधी बाहेर येतं. खालचा खडकही अख्खा वितळत नाही. शंभरातले दहा-वीस भाग वितळले तरी पुष्कळ झालं. हा पाझर हलका असतो, कणांच्या फटीफटींतून वर सरकतो, एकत्र येतो. मूळ खडकात सिलिका, म्हणजे वाळूचं द्रव्य, शंभरात 45 च्या आसपास. पाझरात ते 50 च्या आसपास. हाच बेसॉल्टचा रस. म्हणजे वर यायला लागायच्या आधीच तो आपल्या आईसारखा राहिलेला नसतो.

आता माझा खरा प्रांत. रस वाटेत कुठेतरी अडतो, साचतो, निवू लागतो आणि बदलू लागतो. हा बदल मी चौतीस वर्षं काचेतून पाहिला आहे, फक्त गोड.

पहिल्या पॅनमध्ये सिरप येतो, त्यात साखरेचं प्रमाण भरपूर. घट्ट करत न्यायचा, बी टाकायचं, दाणा धरायचा. दाणा वाढतो तो भोवतालच्या सिरपमधली साखर ओढून. मग दाणे आणि रस असं दाट मिश्रण, त्याला मॅसिक्विट म्हणतात, मशीनमध्ये फिरवायचं. दाणा जाळीत राहतो, मळी बाहेर. ही मळी आता सिरप राहिली नाही, साखर तिच्यातून गेली आहे. ती दुसऱ्या पॅनला. पुन्हा दाणा, पुन्हा मळी. मग तिसऱ्याला. पहिल्या मॅसिक्विटची प्युरिटी, म्हणजे पाणी सोडून उरलेल्या मालात शंभरात साखर किती ते, 85 च्या पुढे असते, शेवटच्या मळीची 30 च्या आसपास. एकाच ऊसातून निघालेले दोन पदार्थ, पण एक पांढरा आणि दुसरा डांबरासारखा. कुणी त्यात काही बाहेरून घातलं नाही. फक्त दाणे काढून घेत गेलो.

नॉर्मन बोवेन नावाच्या शास्त्रज्ञानं 1910 च्या दशकात वॉशिंग्टनमधल्या एका प्रयोगशाळेत खडकांचे रस वितळवून, ठरावीक तापमानाला ठेवून, झटकन थिजवून हेच दाखवलं. रस निवताना सगळी खनिजं एकदम थिजत नाहीत. आधी ऑलिव्हिन येतं. त्यात मॅग्नेशियम खूप, सिलिका कमी. ते जड, बाजूला पडतं. उरलेल्या रसात सिलिकेचं प्रमाण वाढतं. मग पायरॉक्सीन, फेल्डस्पार, असं करत करत रस 50 वरून 60 वर, कधी 70 च्या पुढे जातो. निसर्गाचा तिसरा पॅन. तिथून होतो रायोलाइट किंवा खोल थिजला तर ग्रॅनाइटाच्या जातीचा दगड. मी सहकुटुंब पावागडला गेलो होतो तेव्हा सरांनी बजावून पाठवलं होतं की देवीचं दर्शन घ्या आणि माथ्यावरच्या दगडाचंही घ्या. पायथ्याकडे आपला ओळखीचा काळा दगड आणि माथ्यावर फिक्या रंगाचा रायोलाइट. मंडळी प्रसाद घेत होती आणि मी खडकाला हात लावून उभा. बायको म्हणाली, इथे पण कारखाना?

इथे प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. माझी साखरेची उपमा सगळीकडे चालत नाही. पॅनमध्ये दाणा एकाच पदार्थाचा, साखरेचा. खडकाच्या रसात चार-पाच खनिजं एकमेकांशी खेचाखेची करत थिजतात, आणि आधी थिजलेला दाणा पुढे रसाशी जुळेनासा झाला तर पुन्हा विरघळतो किंवा दुसऱ्याच खनिजात बदलतो. शिवाय वाटेतल्या कवचाचे तुकडे रसात पडून विरघळतात. ऊसाबरोबर पाचट आणि माती गव्हाणीत आली की पुढे सगळा हिशेब बिघडतो, तसं. सह्याद्रीतल्या थरांचा अभ्यास करणाऱ्यांना हे रसायनातून ओळखू येतं. पोलादपूर-महाबळेश्वरच्या वाटेवरच्या आंबेनळी घाटाचं नाव ज्या थरांना दिलं आहे ते सगळ्यात स्वच्छ, कवचाची भेसळ जवळजवळ नाही. बुशे नावाचे थर सगळ्यात भेसळीचे. मी एकदा म्हणालो की शेवटची मळी म्हणजे टाकाऊच की. सर म्हणाले, उलट. शेवटच्या रसात पाणी आणि दुर्मीळ धातू साचतात, अभ्रकाच्या आणि लिथियमच्या खाणी त्यातूनच. आता मळीलाही इथेनॉलमुळे मान आला आहे, तेव्हा तो वाद मी हरलो असं समजा.

सिलिका वाढली की रस चिकट होतो. पहिल्या पॅनचं मॅसिक्विट धबधब खाली येतं, तिसऱ्याचं येता येत नाही. बेसॉल्टचा रस 1100-1200 अंशांचा, पातळ. तो शांतपणे दूरवर पसरतो. आपल्या दख्खनचे काही प्रवाह थेट आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत, हजारेक किलोमीटर गेले असं मानलं जातं. रायोलाइटचा रस सात-आठशे अंशांचा आणि इतका घट्ट की त्यात अडकलेले वायू सुटायला जागाच नाही.

वायूंवरून माझी एक चूक सांगतो. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली रात्रपाळी. पॅनची वाफ गार पाण्यानं निववून व्हॅक्यूम धरून ठेवतो तो कंडेन्सर. त्याचं पाणी थोडा वेळ तुटलं, पॅनचा व्हॅक्यूम पडला. पाणी परत आलं तेव्हा मी व्हॉल्व्ह हळूहळू उघडायला हवा होता, मी एकदम उघडला. दाब अचानक उतरला आणि तापलेला सगळा माल एका क्षणात फसफसून वर. काचेत पांढरं झालं, पुढे काही दिसेना. माल डोममधून कंडेन्सरात गेला. लॅबमधून माणूस धावत आला, बाहेर जाणाऱ्या पाण्यात अल्फा नॅफ्थॉल टाकलं तर जांभळा रंग गडद. म्हणजे साखर पाण्याबरोबर चालली. त्या रात्री ऐकून घेतलेलं इथे लिहिण्यासारखं नाही. ज्वालामुखी फुटतो तो असा. खोल दाबाखाली पाणी, कार्बन डायऑक्साइड रसात विरघळून असतात. रस वर आला, दाब उतरला की बुडबुडे होतात, ते फुगतात, आणि रस घट्ट असेल तर सगळं मिळून फेसासारखं उडतं. राख म्हणतात ती या फेसाची फुटकी काच असते. काही जळून झालेली नसते.

आता आपल्या चित्रातल्या लाल रसाकडे पुन्हा येतो. ज्वालामुखीखाली तरी रसानं भरलेली टाकी असते की नाही? पूर्वी चित्रं तशीच काढायचे. पण भूकंपलाटांनी जे दिसतं ते वेगळं. अमेरिकेतल्या यलोस्टोनखाली अलीकडच्या मोजणीप्रमाणे वरच्या साठ्यात द्रव शंभरात वीसच्या आसपास, बाकी सगळे दाणे. म्हणजे आमचं मॅसिक्विट, तेही क्रिस्टलायझरमध्ये थंड होऊन बसलेलं. ते वाहत नाही. वर्षानुवर्षं, हजारो वर्षं नुसतं बसून राहतं. कारखान्यात अशा थंड मॅसिक्विटला मशीनमध्ये घालण्याआधी थोडं तापवावं लागतं, मग ते ढिलं पडतं. फिलिपाइन्समधला पिनातुबो पाचेकशे वर्षं झोपलेला होता. त्याच्या साठ्यात खालून ताजा, गरम बेसॉल्टचा रस शिरला, साठा ढवळला गेला, आणि जून 1991 मध्ये तो फुटला. त्याच्या वायूंनी आणि धुळीनं पुढच्या वर्षभर सगळ्या जगाचं सरासरी तापमान साधारण अर्धा अंश खाली ठेवलं.

सोलापूरकरांना हे सगळं बघायला फिलिपाइन्सला जायची गरज नाही. आमच्या शेतातल्या विहिरीत उतरा. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा दगड, मग कातळ. कातळाखाली एक वीतभर तांबड्या मातीचा थर आणि पुन्हा मांजऱ्या. तांबडा थर म्हणजे खालचा प्रवाह उघड्यावर राहून कुजला ती माती, वरचा प्रवाह येऊन भाजली गेलेली. दोन प्रवाहांमध्ये पाऊस पडायला, माती व्हायला वेळ मिळाला होता, याची ती पावती. मांजऱ्यातली भोकं म्हणजे बाहेर पडता पडता अडकलेले वायूचे बुडबुडे. पुढे त्यांत पांढरी खनिजं भरली, पोरं त्यांना गारगोट्या म्हणून खेळतात. भुईकोट किल्ल्याच्या तटाला हात लावा, तोही याच रसाचा.

आणि कसारा घाटात सरांनी मला एक दगड दाखवला होता तो मी विसरणार नाही. काळ्या बारीक दगडात बोटाच्या पेराएवढे फेल्डस्पारचे पांढरट दाणे. मी बघताक्षणी म्हणालो, "सर, हा फॉल्स ग्रेन झालाय." पॅनमध्ये दाणा सावकाश मोठा करत आणलेला असतो, आणि मध्येच घाईनं थंड केलं किंवा जास्त घट्ट केलं की मोठ्या दाण्यांच्या मध्ये पिठासारखा नवा बारीक दाणा उठतो. पॅनमनची अब्रू जाते. सर दगड हातात धरून हसले. म्हणाले, मोठे दाणे खोल साठ्यात सावकाश वाढलेले, बारीक पीठ वर येऊन झटकन थिजल्याचं. तुम्ही एका नजरेत दोन पॅन ओळखले. ती माझ्या आयुष्यातली एकमेव पदवी.

सर आता नाहीत. नाहीतर हे पत्र त्यांनीच, पाव पानात, लिहिलं असतं.

आपल्याला विनंती एवढीच. पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापावी. पृथ्वीचं कवच आणि त्याखालचं प्रावरण 2900 किलोमीटरपर्यंत घन खडकाचं आहे, आणि मॅग्मा हा त्यात काही ठिकाणीच, दाब सुटल्यानं, पाणी मिसळल्यानं किंवा क्वचित खालून आच लागल्यानं तयार होणारा थोडासा पाझर आहे. चित्र पुन्हा छापायचं झालं तर लाल रंग फक्त बाहेरच्या गाभ्याला द्यावा, आणि तिथेही खाली लिहावं, की हे लोखंड आहे, लाव्हा नाही. नातवाच्या वहीतल्या चित्रावर मी त्याच्याकडून पेन्सिलीनं 'घन' असं लिहून घेतलं आहे. बाईंनी त्यावर लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढून वही परत पाठवली. आपलं दुरुस्तीचं कात्रण मिळालं तर ते शेजारी चिकटवायचं आहे.

आपला,
एक निवृत्त पॅनमन
सोलापूर